भेट दिली, पण मालकी?

अमेरिकेतल्या कॉलेज (अमेरिकन) फुटबॉलच्या बोल सामन्यांत, म्हणजे मोसम संपल्यावरच्या खास सामन्यांत, खेळाडूंना हेडफोन, घड्याळं, गेम कन्सोल मिळतात, हा ‘लाडावून ठेवण्याचा प्रकार’ आहे, असं एका लेखात म्हटलंय. मला हे अजिबात पटलं नाही. आयोजकांना एका खेळाडूमागे ५५० डॉलरपर्यंतच भेटी देता येतील, असं बंधन एनसीएएनं, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेनं, कित्येक वर्षं ठेवलं होतं. प्रशिक्षकांचे पगार मात्र कोटींत! उलट मला आवडतं ते हे, की संघाचं आक्रमण चालवणाऱ्या स्टार क्वार्टरबॅकला जे मिळतं तेच सहसा शिष्यवृत्तीशिवाय खेळणाऱ्या, बाकावर बसून राहिलेल्या पोरालाही मिळतं. त्याच्यासाठी ती वर्षभराच्या घामाची एकमेव पावती असते.

खरी चीड येते ती पुढच्या गोष्टीची. जॉर्जिया विद्यापीठाचा खेळाडू ए. जे. ग्रीन यानं २००९च्या इंडिपेंडन्स बोलमधली आपली जर्सी हजार डॉलरला विकली. घेणारा माणूस एनसीएएच्या व्याख्येत एजंट, म्हणजे ज्याच्याकडून खेळाडूला पैसे घेता येत नसत असा, ठरला आणि २०१०च्या मोसमात ग्रीनला ४ सामने बाहेर बसावं लागलं. त्याच वर्षी ओहायो स्टेट विद्यापीठाच्या ५ खेळाडूंनी स्वतःच्या अंगठ्या वगैरे विकल्याचं उघड झालं. तेही नियमबाह्य, म्हणून त्यांना पुढच्या मोसमात ५ सामन्यांची बंदी. पण त्याआधीचा शुगर बोल सामना? तो खेळू दिला! तिकिटं तर विकायची होती ना.

जुलै २०२१पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावाचा वापर करून कमावता येतं. ग्रीनसारख्यांचे हुकलेले सामने कोण परत देणार?