पिंपातला शिलेदार

अमेरिकेत चिलखत घालून लढणाऱ्या लोकांच्या संस्थेत मी आहे, ही बातमी साताऱ्याला पोचली तेव्हा पहिला प्रश्न आला, "पगार किती देतात?" उलट वर्गणी मीच भरतो म्हटल्यावर पलीकडे जरा कुजबुज झाली. मग मामांनी फोन घेतला आणि रास्त प्रश्न विचारला, "लढायचंच होतं तर मावळा का नाही झालास?"

अडचण नियमाची आहे. 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनाक्रोनिझम' असं जिभेची परीक्षा घेणारं नाव असलेल्या या संस्थेला सतरावं शतक चालत नाही. त्याआधीच्या कुठल्याही मुलखातले व्हा. सरदार व्हा, कोळी व्हा, गावोगाव फिरणारा शाहीर व्हा. पण १६०० च्या अलीकडे यायचं नाही. महाराजांचा जन्म १६३० चा. मामांना हे अजिबात पटलं नाही. "तीस वर्षांसाठी अडवतात? वर कुणाला तरी भेट ना."

शेवटी मी देवगिरीच्या यादवांकडचा कारकून झालो. हेमाद्री पंडितांच्या हाताखाली हिशेब लिहीत होतो. १२९६ साली अल्लाउद्दीन खलजी देवगिरीवर चालून आला तेव्हा दप्तर टाकून जो पळालो तो थेट युरोपात निघालो. अंगावरचं चिलखत मात्र १३६१ सालचं आहे. मधल्या पासष्ट वर्षांचा हिशेब तिथे कुणी मागत नाही, आणि कारकुनाला याहून मोठं सुख नसतं.

ही संस्था जन्मली १ मे १९६६ रोजी, म्हणजे महाराष्ट्र राज्याच्या सहाव्या वाढदिवशी, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत, एका घराच्या परसात. मध्ययुगाचं वेड असलेली काही मंडळी जुन्या वेषात जमली, आपापसांत लढली, आणि मग विसाव्या शतकाचा निषेध म्हणून टेलिग्राफ अ‍ॅव्हेन्यूवरून मोर्चा काढून गेली. त्या काळी बर्कलीत सतत कशाचा ना कशाचा मोर्चा असायचा, तेव्हा यांच्याकडे कुणी मान वळवून पाहिलं असेल असं वाटत नाही. विसाव्या शतकाने तर निवेदन स्वीकारायलाही माणूस पाठवला नाही.

आता या लोकांनी अख्खी उत्तर अमेरिका आणि बाहेरचाही बराच मुलूख राज्यांत वाटून घेतलाय. मी राहतो ते न्यू जर्सी 'ईस्ट किंगडम'मध्ये येतं. राजा लढून ठरतो आणि सहाएक महिन्यांनी पायउतार होतो. गादी मुलाला मिळत नाही. आपल्याकडच्या पक्षांनी असला मध्ययुगीन मागासलेपणा केव्हाच टाकून दिलाय.

तलवारी वेताच्या. शाळेत गुरुजींच्या हातात असायचा तोच वेत, फक्त निदान सव्वा इंच जाड आणि वरून चिकटपट्टी गुंडाळलेला. मार खरा. हळू लागलेला वार धरतच नाहीत, त्यामुळे समोरचा हात राखून मारण्याच्या भानगडीत पडत नाही. म्हणून चिलखताचे नियम कडक. शिरस्त्राण १६ गेज म्हणजे साधारण दीड मिलिमीटर पोलादाचं हवं. तोंडापुढच्या गजांतून इंचभर जाडीचा दांडका आत जाता कामा नये. गळा, कोपर, गुडघे, कमरेमागची मूत्रपिंडं आणि ज्याचं नाव आईसमोर घ्यायचं नाही ते, सगळं झाकलेलं पाहिजे. लढण्याआधी मार्शल, म्हणजे देखरेख करणारा माणूस, येऊन एकेक वस्तू ओढून, दाबून बघतो. नाव घ्यायचं नाही तिथलं कवच मात्र आपणच मूठ आपटून वाजवून दाखवायचं. आयटीतल्या एका सीनियर मॅनेजरने भर मैदानात हे करणं कसं दिसतं, ते मी इथे लिहिणार नाही.

तयार चिलखत विकत मिळतं. मी किंमत रुपयांत करून पाहिली आणि म्हटलं, आपण घरीच करू. मराठी माणसाचे निम्मे छंद याच वाक्यापासून सुरू होतात.

पहिलं विणलं ते कड्यांचं. कुंपणाची तार घ्यायची, बोटाएवढ्या सळईवर स्प्रिंगसारखी गुंडाळायची आणि कातरीने एकेक वेढा तोडायचा. झाली कडी. मग ही कडी चार शेजारणींत ओवायची आणि दोन हातांत दोन पकडी धरून तिचं तोंड मिटवायचं. पुऱ्या अंगरख्याला अशा वीसेक हजार कड्या लागतात. युरोपातले जुने कारागीर कडीची टोकं चपटी करून त्यांत बारीक रिवेट मारायचे. आम्ही हौशी लोक नुसती तोंडं मिटवतो, त्यामुळे घरभर कड्या गळतात आणि रात्री अनवाणी चालणाऱ्याला पायाखाली इतिहास लागतो. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून मी अख्खी बाही विणली. "काम कुठवर आलंय?" असं कुणी विचारलं की "कोपरापर्यंत" हे उत्तर ओठांवर यायचं.

एवढं करून कड्यांचं चिलखत धार अडवतं, मार अडवत नाही. आणि वेताला धार नसतेच. म्हणजे बारा किलो लोखंड अंगावर वागवून आपण फक्त वजन वागवतो. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे विणतात. चिलखत विणणाऱ्याला उपयोग विचारू नये.

उपयोगाचं काम पत्र्याचं. १३६१ च्या जुलैत डेन्मार्कचा राजा वाल्देमार बाल्टिक समुद्रातल्या गोटलंड बेटावर उतरला आणि व्हिस्बी शहराच्या तटाबाहेर त्याने तिथल्या शेतकऱ्यांची कत्तल केली. दिवस उन्हाळ्याचे, प्रेतांचे ढीग, उतरवून घेत कोण बसणार? बरेच जण चिलखतासकट खड्ड्यांत गेले. विसाव्या शतकात ते खड्डे उकरले तेव्हा ही चिलखतं हाती लागली: कापडाची किंवा कातड्याची बंडी आणि तिला आतून रिवेटने जोडलेल्या लोखंडी पट्ट्या. ती तेव्हाही जुन्या वळणाची होती असं तज्ज्ञ सांगतात. हे वाचून मला त्या शेतकऱ्यांबद्दल फार आपुलकी वाटली. मी पण लग्नाचा सूट अजून वापरतो. त्या सांगाड्यांवरच्या पुष्कळ जखमा गुडघ्याखाली, नडगीवर आहेत. आमच्याकडे गुडघ्याच्या इंचभर वरपासून खाली मारायला मनाई आहे. वाल्देमारच्या लोकांना हा नियम कुणी कळवला नव्हता.

सपाट पट्ट्या कापणं सोपं, पण कोपराची वाटी करणं म्हणजे तपश्चर्या. लाकडाच्या ओंडक्यात खळगा करायचा, त्यावर पत्रा धरायचा आणि गोल डोक्याच्या हातोड्याने ठोकत राहायचं. मध्ये फुगवटा आला की कडेला चुण्या पडतात. चुण्या ठोकून बसवल्या की फुगवटा बसतो. फुगवटा परत काढला की चुण्या परत हजर. बायकोने गॅरेजकडे पाहणंच सोडलं होतं. शेजारच्याने एकदा कुंपणावरून विचारलं, "काय बनवताय?" मी म्हटलं, "कोपर." त्यानंतर तो माझ्याशी फार अदबीने वागू लागला. वसाहतीच्या मंडळाचं मात्र पत्र आलं, की निवासी भागात औद्योगिक आवाज येतो.

म्हणून मी निळ्या पिंपांकडे वळलो. हे या छंदातलं उघड गुपित आहे. खाण्याचे पदार्थ ठेवायला वापरतात ती मोठी प्लॅस्टिकची पिंपं कापून आत घालायचं चिलखत करतात. हलकं असतं, गंजत नाही, आणि गरम केलं की हवं तसं वळतं. गरम करायला भट्टी नको, स्वयंपाकघरातला ओव्हन पुरतो. ओव्हन पुरतो हे खरं, पण त्या सुमारास आई सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आली होती.

"अरे, ओव्हनमध्ये काय ठेवलंयस?"

"मांडी."

आईने हळूच दार लावलं. आमचं घर शाकाहारी.

"कशाची?"

"माझी."

मग मी ती बाहेर काढून, टॉवेलने धरून स्वतःच्या पायावर दाबून दाखवली. आईने वास घेतला. "व्हिनेगरचा वास येतोय."

"लोणच्याचं पिंप आहे ते."

"लोणच्याचं पिंप अंगावर घालून तू लढाईला जाणार?" आईने पदर खोचला, म्हणजे आता इतिहास येणार. "महाराजांनी प्रतापगडावर चिलखत अंगरख्याच्या आत घातलं होतं. आत! म्हणून खानाचा वार फुकट गेला. तू वरून मिरवलंस तर कुठे मारायचं ते त्याला दिसणार नाही का?"

मी म्हटलं, पट्ट्या आतूनच असतात, वरून कापड. तेव्हा ती जरा निवळली. "मग ठीक आहे. वरून चांगला घोळदार झगा घाल. पिंप दिसता कामा नये." संस्थेचे लोकही अगदी हेच सांगतात: आधुनिक प्लॅस्टिक झाका, बघणाऱ्याला मध्ययुगच दिसलं पाहिजे. फक्त त्यांना ते सांगायला एक पुस्तिका लागते.

चिलखताखाली जाड, थरांचा शिवलेला अंगरखा घालतात, त्याला गॅम्बेसन म्हणतात. मी शिवलेला आईने उलटा करून पाहिला, एक शब्द न बोलता उसवला, आत स्वतःच्या दोन जुन्या सुती साड्या घातल्या आणि दुपारी मालिका बघता बघता धावदोऱ्याने परत शिवून काढला. आजवर माझ्या चिलखताच्या ज्या भागाला कुणी तरी थांबून हात लावून पाहिलंय, तो एवढाच.

ऑगस्टात आम्ही पेन्सिकला, म्हणजे संस्थेच्या युद्धाच्या मेळाव्याला, गेलो. पेन्सिल्व्हेनियात पिट्सबर्गच्या उत्तरेला, स्लिपरी रॉक गावाजवळ, दहा हजारांच्या आसपास माणसं तंबू ठोकून राहतात आणि ईस्ट आणि मिडल या दोन राज्यांचं युद्ध होतं. १९७२ साली ते कसं सुरू झालं त्याची कथा अशी सांगतात. डेव्हिड फ्रीडमन, म्हणजे नोबेल मिळवणाऱ्या अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांचे चिरंजीव, तेव्हा मिडलचे राजे होते. त्यांनी ईस्टला युद्धाचं आव्हान धाडलं. ईस्टने उत्तरच दिलं नाही. पुढे फ्रीडमन पूर्वेला राहायला आले, तिथेही लढून राजे झाले, स्वतःच पाठवलेलं आव्हान त्यांनी स्वतःच स्वीकारलं, आणि मग हरले. युद्धाची पैज अशी की हरेल त्याने पिट्सबर्ग घ्यायचं. आईने विचारलं, "पिट्सबर्गच्या लोकांना माहितेय का हे?"

जुना वेष सक्तीचा असतो. कसातरी केलेला का होईना, पण प्रयत्न दिसला पाहिजे. मी झग्यात गुंतून दोनदा तंबूच्या दोरीवर आपटलो. आई नऊवारी नेसून, कपाळाला कुंकू लावून बाहेर पडली, तर रस्त्यात मुकुटवाले लोक बाजूला होऊन तिला मुजरा करू लागले. तिला कुणीही कसलाही प्रश्न विचारला नाही. "चांगल्या वळणाची मुलं आहेत," ती म्हणाली. त्यातलं एक मूल पासष्टीचं होतं.

चिलखत चढवणं एकट्याने होत नाही. मागच्या नाड्या बांधायला दुसरा माणूस लागतो, आणि शेवटची गाठ बसताक्षणी लघवीला लागते. हा शरीराचा नियम आहे, त्याला कुठल्याही राज्यात अपवाद नाही. शिरस्त्राण घातलं की नाकाच्या शेंड्याला खाज सुटते. गजांतून बोट जात नाही, कारण आपणच नियमाप्रमाणे गज बसवलेले. पेन्सिल्व्हेनियाचा ऑगस्ट दमट. दोन साड्या, एक पिंप आणि बारा किलो लोखंड यांच्या आत मी वाफेवर शिजत होतो. मैदानाच्या कडेला स्वयंसेवक पाणी, संत्र्याच्या फोडी आणि, घामाने गेलेलं मीठ भरून यावं म्हणून, काकडीचं लोणचं वाटत असतात. आईला नुसतं बसवेना, तिने पाण्याचा जग आणि लोणच्याचा डबा ताब्यात घेतला. एक तुकडा चाखून माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पिंपाची माझी निवड आता तिला पटली असावी. खाण्यापेक्षा घालायलाच बरं.

आता खरी अवघड गोष्ट. इथे पंच नसतो. म्हणजे मार्शल असतो, पण तो कुणाला इजा होऊ नये एवढंच बघतो. वार लागला की नाही ते ज्याला लागला त्यानेच सांगायचं. हातावर बसला तर हात पाठीमागे घ्यायचा, मांडीवर बसला तर गुडघ्यावर बसून लढायचं, डोक्यावर किंवा धडावर नीट बसला तर "गुड" म्हणून आपणहून मरायचं. मारणाऱ्याने 'लागला ना?' असं विचारायचंसुद्धा नाही. आम्ही वाढलो ते गल्ली क्रिकेटवर. त्यात तिन्ही यष्ट्या उडाल्या तरी ज्याची बॅट त्याचा आउट चर्चेने ठरतो. चिलखत विणायला मला जमलं, पत्रा ठोकायला जमला, पण चारचौघांत स्वतःच्या तोंडाने 'मेलो' म्हणणं जिभेवर येता येईना. वार लागूनही जे कबूल करत नाहीत त्यांना इथे गेंडा म्हणतात, आणि ते नाव एकदा चिकटलं की राजासुद्धा पुसू शकत नाही.

एकास एक लढतींत माझ्यासमोर पांढऱ्या पट्ट्याचा नाइट आला. पांढरा पट्टा म्हणजे इथला पोचलेला माणूस. मार्शलची "ले ऑन!", म्हणजे 'लढा!', अशी आरोळी झाली. त्याने ढाल जराशी हलवली, मी ढालीकडे पाहिलं, आणि तलवार माझ्या बरगडीवर आली. साड्यांपर्यंत पोचली. मी सगळं बळ एकवटून, गल्लीतल्या सगळ्या पूर्वजांची मनात माफी मागून, म्हणालो, "गुड!" आणि पडलो.

"कुठे गुड?" दोरीपलीकडून आवाज आला. "नुसता घासून गेला! ऊठ तू."

"आई, लागलाय मला."

"तुला काय कळतंय? मी इथून बघतेय ना!"

नाइटने अदबीने विचारलं, या काय म्हणतायत? मी पडल्या पडल्या भाषांतर करून सांगितलं. तो विचारात पडला. मारणाऱ्याला आपला वार हलका होता असं म्हणायची मुभा असते. त्याने दोरीकडे वळून वाकून नमस्कार केला, म्हणाला, बाईंना तसं दिसलं असेल तर हलकाच असेल, आणि मला हात देऊन उभं केलं. मार्शल पुन्हा ओरडला, "ले ऑन!"

या वेळी शिरस्त्राणावर. देवळातली घंटा बाहेरून आयुष्यभर ऐकली होती, आतून पहिल्यांदाच ऐकली. मी काही बोलायच्या आतच आडवा झालेला होतो.

"हां, हा लागला," आईने मार्शलला निकाल दिला, आणि जग घेऊन आधी त्या नाइटकडे गेली. "पी रे बाबा. किती घाम आलाय तुला."