‘सात दिवसांत मालक आला नाही तर कुत्रा सांभाळणाऱ्याचा’ हे खरं नाही

हरवलेल्या पाळीव कुत्र्यांबद्दल हा मेसेज सध्या फिरतोय. कायद्यात असा सात दिवसांचा नियम नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 नुसार सापडलेली वस्तू ठेवणाऱ्याने मालकाचा शोध घ्यायला हवा, वाजवी काळ थांबायला हवं. वाजवी म्हणजे किती, ते परिस्थितीवर ठरतं. पाळीव कुत्रा कायद्याने मालमत्ताच. ऐकायला वाईट वाटतं, पण हक्क सांगताना तेच उपयोगी पडतं.

तुमचा हरवलेला कुत्रा कुणाकडे सापडला, तर भांडायला जाऊ नका. लसीकरणाचं कार्ड, महापालिकेचा परवाना, पिल्लू असल्यापासूनचे फोटो घ्या आणि पशुवैद्याकडे कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप स्कॅन करायला सांगा. चिप जीपीएस नव्हे. तांदळाच्या दाण्याएवढ्या काचेच्या नळीत फक्त 15 अंकी क्रमांक असतो. ती कधीकधी खांद्यांच्या मधून पायाकडे सरकते, म्हणून स्कॅनर पुढच्या पायांवरूनही सावकाश फिरवावा. चिपच्या नोंदणीत जुना फोन नंबर किंवा ब्रीडरचं (पिल्लं पैदास करून विकणाऱ्याचं) नाव राहिलं असेल तर इथेच घोळ होतो.

समोरच्याने सांभाळायचा, औषधपाण्याचा खर्च मागितला तर चिडू नका, पावत्या बघून द्या. करार कायद्याच्या कलम 168 नुसार तो मिळेपर्यंत कुत्रा ठेवून घ्यायचा त्याला अधिकार आहे. एवढं करूनही देत नसेल, तर पोलिसांत लेखी तक्रार द्या.