तेल टाका आणि चालवा म्हणे!

‘सील गेलंय ना? मग तेल टाका आणि चालवा!’ हा सल्ला ज्याने कुणी पहिल्यांदा दिला, त्याला मे महिन्यात भर दुपारी शीळफाट्याच्या आमच्या साइटवर आणा आणि डोझरच्या चेनखाली उताणा झोपवा. तोंडावर ९० नंबरचं ऑइल ठिबकायला लागलं की पुढचं बोलू.

डोझर जुना आहे, मान्य. पण जुनं मशीन म्हणजे गळणारच, हे कुणी ठरवलं? फायनल ड्राइव्हचं, म्हणजे चेन फिरवणाऱ्या गिअरपेटीचं, तेल अडवणारं सील नीट बसवलं तर वर्षानुवर्षं ब्र काढत नाही. नीट बसवलं तर! घोडं तिथेच तर पेंड खातं.

दोन धातूच्या रिंगा तोंडाला तोंड लावून बसतात. एक स्प्रॉकेटबरोबर, म्हणजे चेन ओढणाऱ्या दातेरी चाकाबरोबर, गरगरते, दुसरी जागची हलत नाही. प्रत्येकीच्या पाठीवर एक जाड रबरी रिंग, ती दोघींना एकमेकींवर दाबून धरते. तोंडं इतकी सपाट घासलेली असतात की मधे तेलाचा जेमतेम पापुद्रा राहतो आणि बाकी तेल आतच अडतं. एवढंच ते यंत्र. पण आमच्या मिस्त्रीला ती कुकरची रिंग वाटते. रबराला बचाबचा ग्रीस फासायचं, लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीने हाणायचं, की झालं! अरे बाबा, रबर कोरडं ठक्क लागतं. ग्रीस लागलं की ते जागेवरून घसरतं, पीळ पडतो, रिंग एका बाजूला वर आणि एका बाजूला खाली बसते. मग ती गळणार नाही तर काय करणार? तेलाचा हात लावायचा तो फक्त धातूच्या तोंडावर, तोही नावापुरता. आणि त्या तोंडाला बोट लावायचं नसतं. ह्या पठ्ठ्याने मान पुसली त्याच चिंधीने रिंग पुसली आणि उजेडात धरून मलाच दाखवली, ‘शेठ, एकदम चकाचक!’ चकचकीत पट्टीवर त्याच्या अंगठ्याचा काळा ठसा, रेषा मोजून घ्याव्यात असा.

वर आणखी शहाणपण: ‘एक रिंग जुनीच राहू दे, चांगली आहे.’ त्या जोडीने घासून एकमेकींत बसलेल्या असतात रे. एकीला नवी सवत आणून दिलीस तर दोघी मिळून तुझा संसार बुडवतील.

पार्टवाल्यांचं तर बोलायलाच नको. कळंबोलीला गेलो. काउंटरवर पहिला प्रश्न, ‘कुठला देऊ? ओरिजनल, मिडियम की चालू?’ सीलमध्ये चालू म्हणजे काय? चालू आहे म्हणजे गळणं चालू आहे! खोक्यावर नाव झकास, आतली रिंग उन्हात तिरकी धरली तर तोंडावर ओरखडे. दाखवले तर म्हणे, ‘एवढं कोण बघतं शेठ?’ मी बघतो. ती बदलायला अर्धं मशीन उघडावं लागतं म्हणून बघतो.

कारण सीलची किंमत ही सीलची किंमत नसतेच. आधी चेन ताणणाऱ्या अॅडजस्टरमधलं ग्रीस सोडून चेन ढिली करा, चेनची टोकं जोडणारी मास्टर पिन ठोकून काढा, चेन उतरवा. मग स्प्रॉकेट. वर्षानुवर्षं शाफ्टच्या निमुळत्या टेपरवर चिकटून बसलेला तो, हायड्रॉलिक पुलर लावला तरी ढिम्म. दाब वाढवत जा, वाढवत जा, आणि माणसं बेसावध झाली की धाडकन सुटतो. समोर कुणी उभं असेल तर त्याचं काही खरं नाही. बरं, हे सगळं वर्कशॉपमध्ये करू म्हटलं तर डोझर स्वतःच्या पायाने रस्त्यावर जाऊ शकत नाही. लो-बेड ट्रेलर मागवा, अवजड वाहनांना दिवसा बंदी, रात्रीची वेळ शोधा, भाडं मोजा. म्हणून काम उघड्यावर, ताडपत्रीखाली. शेजारून कल्याण-शीळ रोडच्या डंपरांची धूळ, आणि आमचं बेअरिंग वाऱ्यावर.

उघडलं तर आत काय निघावं? नायलॉनचे धागे, गोणीच्या चिंध्या, बांधणीची तार. सगळं सीलच्या कडेला गच्च गुंडाळलेलं. भरावाच्या नावाखाली बिल्डिंगा पाडलेला राडारोडा ढकलायचा, रात्री कुणीतरी आणखी दोन गाड्या रिकाम्या करून पळणार, आणि तारा आमच्या स्प्रॉकेटमध्ये. खाडीकडची खारी माती त्यात बसली की सीलची बैठकच गंजून खडबडीत होते. त्यावर नवं सील ठेवून काय उपयोग? मागच्या मिस्त्रीने नेमकं तेच केलं होतं. बेअरिंगचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, बघितला नाही. स्प्रॉकेट डुलतोय, तर सील काय डोंबल टिकणार! आणि ब्रीदर, आतला दाब बाहेर सोडणारा? मातीने ठार बुजलेला. तेल तापलं, आत दाब वाढला, बाहेर पडायला वाट सीलमधूनच. ब्रीदर साफ करायला डिझेल आणि एक जुना टूथब्रश पुरतो. तेवढंही कुणाच्याने होत नाही.

आणि साइटचा ठेकेदार! ह्याचा फोन सकाळ-संध्याकाळ. ‘थोडंसंच गळतंय ना दादा, डबा ठेवा मशीनवर, टाकत राहा.’ अहो, जिथून तेल बाहेर येतं तिथूनच पाणी आणि चिखल आत जातो. पावसात तेल पांढरं पडतं, मग बेअरिंग जातं, मग बुल गिअर, आतलं मोठं दातेरी चाक. आतल्या बाजूचं सील गेलं आणि ते तेल मशीन वळवणाऱ्या कोरड्या स्टिअरिंग क्लचवर उतरलं, की लिव्हर ओढा नाहीतर देवाचा धावा करा, मशीन वळत नाही. उतारावर वळलं नाही तर हा येणार आहे का समोर उभा राहायला? मशीन चाललं की तासावर पैसे, बंद की भाडं बंद, एवढंच ह्याला कळतं.

आता म्हणतो, बंद दिवसांचे पैसे बिलातून कापणार. काप बाबा. बैठक घासून झाली आहे, बेअरिंग नवीन आलंय, रिंगांची जोडी मी स्वतः कोऱ्या कपड्याने पुसून बसवणार आहे, आणि तोपर्यंत त्या मशीनच्या चावीला जो हात लावेल त्याच्याकडे मी बघून घेईन.