पोटातले जंत ॲलर्जीपासून वाचवतात? अर्धसत्याचा खुलासा

‘थोडे जंत असलेले बरे, दमा-ॲलर्जी होत नाही, मुलांना जंतांची गोळी देऊ नका,’ असा संदेश फिरतो आहे. यात तथ्याचा एक तुकडा आहे. वर्षानुवर्षे आतड्यात राहणारे जंत आपल्या स्रावांनी नियामक टी-पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशींना, चेतवतात. आयएल-१० आणि टीजीएफ-बीटा ही प्रतिकार शांत करणारी प्रथिने वाढतात, प्रतिकाराची धार बोथट होते आणि ॲलर्जीही दबू शकते. पण हे दडपण ॲलर्जीपुरते थांबत नाही. क्षयरोगाची बीसीजी लस आणि पटकीची तोंडावाटे दिली जाणारी लस यांना मिळणारा प्रतिसादही कमी पडू शकतो. शिवाय सगळे जंत सारखे नसतात: हुकवर्म (आकडी जंत) असलेल्यांत दमा कमी आढळला, गोल जंत असलेल्यांत उलट जास्त. डुकरांमधल्या जंतांची अंडी मुद्दाम देऊन ॲलर्जिक सर्दीवर चाचणी झाली, फायदा दिसला नाही. आणि हुकवर्म रोज रक्त पितो, हे संदेश लिहिणारा सोयीस्करपणे विसरला.

तेव्हा १० फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाची गोळी चुकवू नका. अल्बेंडाझोल १ ते २ वर्षांच्या बाळाला २०० मिलिग्रॅम, म्हणजे अर्धी गोळी चुरून पाण्यातून; पुढे १९ वर्षांपर्यंत ४०० मिलिग्रॅम, म्हणजे पूर्ण गोळी; ३ वर्षांपर्यंत चुरून पाण्यातून, त्यानंतर चावून. मूल आजारी असेल तर बरे झाल्यावर द्या. गोळी पुढची लागण रोखत नाही, म्हणून ती ठरावीक काळाने पुन्हा द्यावी लागते.