चाल वर लिहिली आहे

गेल्या आषाढीच्या आधी शाळेच्या ग्रुपवर पुन्हा तेच. कुणीतरी व्हिडिओ टाकला: कॉलेजातली पोरं, गिटार, ड्रम आणि तुकोबांचा अभंग. झालं. तासाभरात सत्तर मेसेज. ‘अभंगाची विटंबना’, ‘टाळ-मृदंग सोडून हे काय थेर’, ‘पोरं अभंग म्हणतायत हेच नशीब समजा’. हे दरवर्षीचं आहे, मी वाचतो आणि सोडून देतो. या वेळी सोडवलं नाही, कारण बुवाने मला मध्ये ओढलं. (शाळेपासून नाट्यपदं गातो, म्हणून बुवा. नोकरी आयुष्यभर बँकेत केली.) त्याने लिहिलं, ‘ज्यू लोकांकडून शिका. दोन हजार वर्षं देशोदेशी फिरले, पण प्रार्थनेचा एक सूर हलू दिला नाही. विचारा आपल्या अश्दोदकराला.’

अश्दोदकर म्हणजे मी. ठाण्यातला बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, टेंभी नाक्याच्या 1879 सालच्या सिनेगॉगमध्ये (आमच्या प्रार्थनाघरात) वाढलेला, 1991 पासून इथे, इस्राएलमधल्या अश्दोदला. ग्रुपवर माझी दोनच कामं: हॅगला, म्हणजे सणाला, शुभेच्छा द्यायच्या आणि बातम्यांत सायरन ऐकला की ‘आम्ही ठीक’ म्हणून कळवायचं.

एक सूर हलू दिला नाही म्हणे! अरे बाबा, आम्ही सूर सोडून दुसरं काय हलवलं? शब्द धरून ठेवले, चाल मिळेल तिथून उचलली. सोळाव्या शतकात इस्राएल नजारा नावाचा रब्बी, म्हणजे धर्मगुरू, होऊन गेला. जिथे तुर्की, अरबी, स्पॅनिश प्रेमगीतं चालायची, तिथल्या चाली घेऊन त्याने हिब्रू पियुट, म्हणजे भक्तिगीतं, रचले. 1587 साली त्सफात गावी छापलेल्या त्याच्या पुस्तकात रचनेच्या डोक्यावर सरळ लिहिलेलं असतं, कुठल्या गाण्याच्या चालीवर म्हणायचं ते. त्या काळच्या कर्मठांनी त्याला शिव्या घातल्या. शिव्या तिथेच राहिल्या, नजाराचं ‘या रिबोन’ मात्र अजून शब्बातच्या (आठवड्याच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाच्या) टेबलावर घरोघरी म्हणतात.

माझ्याच रस्त्याचं घ्या. शुक्रवारी संध्याकाळी शब्बातच्या स्वागताचं ‘लखा दोदी’ सगळीकडे म्हणतात, शब्द शलोमो अल्काबेत्सचे, तेही सोळाव्या शतकातले. कोपऱ्यावरच्या मोरोक्कोवाल्यांची चाल एक, पुढच्या जॉर्जियनांची दुसरी, आमच्या सिनेगॉगमधली तिसरी. आमची ऐकली तर बुवासुद्धा म्हणेल, हे कोकणातलंच कुणीतरी गातंय. इस्राएलच्या राष्ट्रगीताची चाल पूर्व युरोपातल्या लोकगीताची. येरुशलायीमवरचं (जेरुसलेमवरचं) 1967 चं ते सोनेरी गाणं, जे ऐकून लोकांचे डोळे भरून येतात, त्याच्या चालीत एक बास्क अंगाईगीत मिसळलेलं आहे, हे ते रचणाऱ्या नाओमी शेमेरने शेवटी स्वतः पत्रात कबूल केलं. कुणाचे डोळे कोरडे झाले नाहीत त्याने.

आणि आताचं काय सांगू. बेरी सखारोफ हा इथला रॉकवाला. त्याने 2009 मध्ये अकराव्या शतकातल्या इब्न गबिरोल या हिब्रू कवीच्या कवितांचा अख्खा अल्बम काढला. त्याच साली एत्ती अंकरी या गायिकेने येहुदा हलेवी हा असाच जुना कवी गायला. अश्दोदमधला अंदलुसी (उत्तर आफ्रिकेकडचं जुनं संगीत वाजवणारा) ऑर्केस्ट्रा 1994 पासून वाजवतोय, 2006 साली त्याला इस्राएल पारितोषिक मिळालं. परवा तेल अवीवच्या बसमध्ये ड्रायव्हरने ईशाय रीबो हा गायक लावला होता. योम किपूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, जुन्या मंदिरात मुख्य याजक काय काय करायचा, ते सांगणारं 2019 चं गाणं. ड्रायव्हरच्या डोक्यावर किपा (धार्मिक ज्यूंची छोटी टोपी) नाही, दंडावर भलामोठा टॅटू. गाण्यात रक्त शिंपडण्याची मोजणी येते, एक, एक आणि एक, एक आणि दोन, तशी सिग्नलला थांबलेल्या या माणसाची बोटं स्टिअरिंगवर मोजत होती. मागे सैनिक मुलगी झोपलेली, तिच्या शेजारी काळ्या टोपीवाला तोंडातल्या तोंडात गात होता. हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. वर ठेवून दिलं, ‘आमच्याकडे गिटारने देव बाटत नाही.’

पाठवल्यावर दिवसभर छान वाटलं. वादात जे सोयीचं असतं तेवढंच माणूस सांगतो, मीही तेच केलं.

न सांगितलेलं हे. देव बाटतो का माहीत नाही, पण काही कार्यक्रमांत पुरुषांसमोर बाईच्या गळ्याला मनाई असते, त्यावरून इथे दर वर्षी रणं माजतात. आज ज्याला मिझराही, म्हणजे अरब मुलुखांतून आलेल्या ज्यूंचं, म्हणून डोक्यावर घेतात ते संगीत कितीतरी वर्षं तेल अवीवच्या जुन्या बस स्टँडवर कॅसेटांच्या टपऱ्यांत विकलं जायचं. रेडिओवर त्याला ठरावीक कोपरा. झोहार अर्गोव हा गायक तिथूनच वर आला. येमेनच्या घरातली गायिका ओफ्रा हाझा सतराव्या शतकातल्या शाबाझी या कवीची रचना घेऊन 1988 मध्ये युरोपच्या डिस्कोंत पोचली, तेव्हा कुठे इथल्या शहाण्यांना येमेनी पियुटात काहीतरी आहे असं वाटायला लागलं. आता येमेनी झाले, मोरोक्कन झाले, इराकी आजोबांची गाणी नातू गिटारवर वाजवतो. आमचं काय? आम्हाला तर ‘तुम्ही पुरते ज्यू का’ या प्रश्नावरच 1964 पर्यंत भांडावं लागलं. कीर्तन कोण ऐकणार.

हो, कीर्तन. बुवाला मी कधी सांगितलं नाही. आमच्या लोकांनी एकोणिसाव्या शतकात हरिदासांचं बघून कीर्तनं रचली, मराठीत, अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या आख्यानांची. साकी, दिंडी, ओवी, सगळं. आई गायची. तिची एक वही आहे, निळ्या रेघांची, हळदीचा डाग पडलेली. प्रत्येक पदावर कंसात लिहिलंय, चाल: अमकी. नजारासारखंच की! फक्त तुर्की प्रेमगीताच्या जागी संगीत नाटक.

2012 मध्ये मुलाची बार-मिट्झवा (तेराव्या वर्षीचा, आपल्या मुंजीसारखा सोहळा) झाली. हॉल, डीजे, दोनशे माणसं, त्यातली निम्मी बायकोकडची, मोरोक्कन. आई म्हणाली, मी योसेफाचं एक पद म्हणते, दोनच मिनिटं. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून उठून तिने माइक घेतला, पदर सावरला आणि सुरू केलं. पहिलं कडवं संपेपर्यंत टेबलांवर कुजबुज, एका पोराने ‘बॉलिवूड!’ म्हणून मान हलवून दाखवली. मी डीजेकडे बघितलं आणि हाताने खूण केली. त्याने ढोल चढवले. आईला वाटलं, यंत्र बिघडलं. माइक ठेवून ती हसत परत आली, म्हणाली, राहू दे रे, पोरांना नाचू दे. खूण कुणी केली, ते तिला मी सांगितलं नाही. 2017 मध्ये ती गेली.

तर गिटारने अभंग बाटला म्हणणाऱ्यांना मी इथून शहाणपण शिकवत होतो. बुवाने निदान कुणाचा माइक बंद केलेला नाही. ग्रुपवर मी ‘तुमच्या इस्राएलवाला’, इथे शेजाऱ्यांना ‘तुमच्या होदूतला’ (होदू म्हणजे भारत). ‘आमच्याकडे’ लिहिताना माझा अंगठा नेमकं कुठलं गाव टाइप करतो, माझं मलाच कळत नाही.

मुलगा आता सव्वीसचा आहे. मित्रांबरोबर पियुट वाजवतो, ऊद हे अरबी तंतुवाद्य शिकतो. यंदा पेसाह सणाच्या साफसफाईत ममादच्या (घरातल्या सुरक्षित खोलीच्या) कपाटात त्याला आईची ती वही सापडली. वाचता येत नाही, तरी पानं उलटत बसला. प्रत्येक पानावर तोच शब्द दिसतोय म्हणून बोट ठेवून विचारलं, ‘आबा, मा झे?’ बाबा, हे काय? मी म्हटलं, चाल. तो म्हणाला, मग कशी आहे ती म्हणून दाखव. शारदा नाटकातल्या पदाची चाल लिहिली होती. मला तोंडची पहिली ओळसुद्धा धड येईना. आई ज्या पदाला उठली होती, तेच होतं.

दोन दिवस विचार केला आणि बुवालाच विचारलं, ग्रुपवर नाही, वेगळं. वहीच्या पानाचा फोटो पाठवला. अभंगाच्या भांडणानंतर आम्ही बोललो नव्हतो. तिकडे रात्रीचे साडेअकरा झाले असतील. वीस मिनिटांत त्याचा आवाज आला, पेटी न घेता गायलेलं, मागे पंख्याची घरघर, मध्ये एकदा खोकला. पूर्ण अंतरा. तुझ्या आईचे शब्द बसतात की नाही बघतो म्हणून योसेफाची दोन कडवीही त्याने त्याच चालीत म्हटली, शब्बातला ‘शबाथ’ म्हणत. शेवटी थोडं थांबून, ‘हे घे. पण पोराला सांग, ते गिटारवर वाजवायचं नाही.’

ऊद चालेल का, हे अजून विचारलेलं नाही.