भिंतीवरची फ्रेम आणि टोरोंटोचं पाकीट

कॅनडात जाऊन फार्मासिस्ट व्हायचं तुम्ही ठरवलंय, त्याबद्दल आधी पेढे. आता पहिलं काम. आपलं रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट नेमकं कुठे आहे ते आठवा. घरातल्या कपाटात शोधू नका. ते बहुधा तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरच्या मेडिकलमध्ये, गणपतीच्या फोटोशेजारी, काचेच्या फ्रेममध्ये लटकलेलं असेल. त्या दुकानात तुम्ही शेवटचे गेलात ते फ्रेमसाठी खिळा धरायला. तेव्हापासून दुकानाचे शेठ त्या फ्रेमचं भाडं म्हणून दरमहा खात्यावर काहीबाही टाकतात आणि तुम्ही पुण्यात दुसरीच नोकरी करता. औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावं, असं १९४८ चा फार्मसी ॲक्ट म्हणतो. शेठ म्हणतात, आहे की फार्मासिस्ट, तो काय भिंतीवर!

तर आधी शेठकडून सुटका करून घ्या. ते पटकन सोडणार नाहीत. "आत्ता? ऐन पावसाळ्यात, तापाच्या सीझनला?" असं ते कळवळून विचारतील. दुसरी फ्रेम मिळेपर्यंत थांबा म्हणतील. मग राज्याच्या कौन्सिलकडून 'गुड स्टँडिंग'चं पत्र काढा, म्हणजे या फार्मासिस्टविरुद्ध काही तक्रार नाही असा दाखला. तो मिळायला काहीच हरकत नसावी. तुम्हाला दुकानात कुणी पाहिलेलंच नाही, तर तक्रार करणार कोण?

डी.फार्म.वाल्यांनी मात्र इथेच थांबावं. दोन वर्षांच्या डिप्लोमावर आपल्याकडे अख्खं मेडिकल चालतं, तिकडे किमान बी.फार्म. लागतं. आणि अमेरिकेचं स्वप्न पाहणाऱ्या बी.फार्म.वाल्यांनो, १ जानेवारी २००३ नंतर पास झाला असाल तर पाच वर्षांचा अभ्यासक्रम दाखवा, असं तिथलं बोर्ड म्हणतं. आपली पदवी चार वर्षांची. पाचवं वर्ष आपण नोकरी शोधण्यात घालवलेलं असतं, ते ते धरत नाहीत. राहिला कॅनडा. फॉर्म भरा.

कॅनडाचं फार्मसीचं परीक्षा बोर्ड, म्हणजे पीईबीसी, १९६३ सालचं. त्यांना तुमचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचा उतारा, हवं असतं, पण तुमच्याकडून नको असतं. विद्यापीठाने स्वतः ते पाकिटात घालायचं, तोंड चिकटवायचं, त्यावर शिक्का मारायचा आणि थेट टोरोंटोला पाठवायचं. तुमचा हात लागला की ते बाटलं. व्यवहारात पाकीट तुम्ही आणता, डिंक तुम्ही आणता, कुरियरचे पैसे तुम्ही भरता आणि हात तेवढा विद्यापीठाचा असतो. माझ्या वेळी खिडकीतल्या बाईंनी शिक्का मन लावून मारला, तोही बरोबर पत्त्यावर. टोरोंटोतलं 'टो' तेवढं वाचता येत होतं. दुसरं पाकीट आणायला मी रस्ता ओलांडून गेलो आणि आलो तेवढ्यात खिडकी जेवायला गेली होती. म्हणून सांगतो, पाकिटं डझनाने घ्या.

यानंतर येतं तुमचं नाव. आजवर ते तुम्हाला आपलं वाटत आलंय. मार्कशीटवर आडनाव आधी, मग तुमचं नाव, मग वडिलांचं आणि सगळ्यात शेवटी आईचं. टोरोंटोतल्या माणसाला एवढंच माहीत की शेवटचा शब्द म्हणजे आडनाव. त्यामुळे पहिल्याच ईमेलमध्ये तुम्ही 'डिअर मिस्टर सुमन' होता. आईला दाखवा, तिला बरं वाटेल.

लग्न झालेल्या बायकांची कथा याहून सुरस. पदवीवर मंगल दत्तात्रय शिंदे आणि पासपोर्टवर स्वानंदी अमोल जगताप. तीन शब्द, तिन्ही बदललेले, आणि अर्जदार म्हणते मी एकच आहे. सासूबाईंच्या हौसेखातर नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव कोरलं, तेव्हा 'छान आहे' म्हणून तुम्ही लाजलात. आता गॅझेट काढा, ॲफिडेव्हिट करा, लग्नाचा दाखला इंग्रजीत करून घ्या. तांदळाच्या ताटाचा फोटो चालत नाही. पाठवून झालाय.

इंग्रजीचं टेन्शन घेऊ नका. चार वर्षं फार्माकोग्नॉसीसारखे विषय इंग्रजीतच शिकलात ना? ते धरत नाहीत. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्या. इमिग्रेशनवाल्यांना तुमचं इंग्रजी 'जनरल' लागतं, फार्मसीवाल्यांना 'ॲकॅडमिक', म्हणजे तोच माणूस, तेच तोंड, दोन फिया. शिवाय निकाल दोनच वर्षं चालतो. कागदपत्रं जमवण्यात ती दोन वर्षं जातात आणि मग तुमचं इंग्रजी शेल्फवरच्या सिरपसारखं एक्सपायर होतं. बोलता तुम्ही तेच आणि तसंच, पण बाटलीवरची तारीख उलटलेली असते.

एव्हाना एक्स्प्रेस एंट्री या गुणांवर चालणाऱ्या सरकारी योजनेतून पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, आलेली असते. कॅनडा सरकार फार्मासिस्ट म्हणून तुमचा अर्ज घेतं, फार्मासिस्ट म्हणून गुण देतं, विमानतळावर हसून शिक्का मारतं. बाहेर येऊन बॅगा ट्रॉलीवर ठेवता तोवर कळतं की तुम्ही फार्मासिस्ट नाही. यात फसवणूक कसली? आमंत्रण केंद्राचं होतं, लायसन्स प्रांताचं असतं. पत्रिका वाटणारा मामा वेगळा आणि पंगतीत पान मांडणारा वेगळा, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. क्यूबेकच्या पंगतीत तर फ्रेंचशिवाय पानच मांडत नाहीत.

मग परीक्षा. आधी इव्हॅल्युएटिंग, म्हणजे तुमचं शिक्षण तिथल्या तोडीचं आहे का ते बघणारी, ती सुटली की क्वालिफायिंगचे दोन भाग, एक लेखी आणि एक करून दाखवायचा. बसायला संधी मोजक्याच, एटीकेटीची सोय नाही. अभ्यासाला लागलात की पहिल्याच आठवड्यात कळेल, आपल्याला औषधं येत नाहीत, ब्रँड येतात. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल, इथवर ठीक. तिकडे त्यालाच ॲसिटामिनोफेन म्हणतात. ज्या निमेसुलाइडवर, म्हणजे ताप-अंगदुखीच्या गोळीवर, आपल्या शेठचा अर्धा गल्ला चालतो, ते तिकडे बाजारातच नाही. आणि रक्तातली साखर तिकडे मिलिमोलमध्ये मोजतात, आपल्या आकड्याला १८ ने भागायचं. आपली १८० म्हणजे तिकडची १०. सरावाच्या पेपरात पेशंटची शुगर १० बघून मी उत्तर लिहिलं होतं, 'ताबडतोब ग्लुकोज द्या.' तो बिचारा जेवून आला होता.

लेखी सुटेलही. खरी मजा दुसऱ्या भागात, ऑस्कीत. घंटा वाजते, तुम्ही एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाता, तिथे पेशंटचं काम करणारा नट बसलेला असतो आणि बाजूला गुण देणारा. आपलं समुपदेशन पिढ्यान्‌पिढ्या एका ओळीचं आहे. स्ट्रिप कात्रीने कापायची, एक्सपायरीची तारीख असलेला तुकडा आपल्याकडे ठेवायचा, उरलेली खाकी पाकिटात घालून वर १-०-१ लिहायचं आणि म्हणायचं, "जेवणानंतर." पेशंटने काही विचारलंच तर, "काही होत नाही, घ्या बिनधास्त."

तिथे खुर्चीत बसलेल्या बाई सांगतात की बीपीच्या गोळ्यांनी त्यांना कोरडा खोकला लागलाय, रात्रभर झोप नाही, आणि डोळ्यांत पाणी आणतात. "काही होत नाही" म्हणालात की गेलात. खोकल्याचं सिरप काढून दिलंत तरी गेलात. आधी थांबायचं. मग हळू आवाजात, "हे तुम्हाला किती त्रासाचं होत असेल." मग ॲलर्जी, मग आणखी कोणती औषधं, मग दुसरे कुठले आजार, मग आपण डॉक्टरांशी बोलू. घरी बायकोवर सराव करा. मी केला. "हे तुला किती त्रासाचं होत असेल," असं म्हटल्यावर ती दोन मिनिटं माझ्याकडे बघत राहिली आणि मग विचारलं, "किती पैसे उडवलेस?"

निकाल लागेपर्यंत पोट भरायला तुम्ही फार्मसी असिस्टंट व्हाल. तिथे सुट्ट्या गोळ्या ट्रेवर ओतायच्या आणि चपट्या पट्टीने पाच-पाचच्या गठ्ठ्याने सरकवायच्या. पाच, दहा, पंधरा, वीस. बाटलीत भरून लेबल लावायचं आणि आतल्या फार्मासिस्टपुढे ठेवायचं. ती कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली असते. गिऱ्हाइकाने विचारलं, "ही गोळी दुधाबरोबर चालेल का?" तर उत्तर तुम्हाला तोंडपाठ असतं, पण म्हणायचं असतं, "एक मिनिट, फार्मासिस्टला विचारतो." गावाकडे त्या क्षणी तुमची फ्रेम, तुम्ही नसताना, बेधडक औषधं वाटत असते. एवढ्यात सोडवली नसेल तर.

ओंटॅरिओत १ जानेवारी २०२३ पासून फार्मासिस्टना काही किरकोळ आजारांवर स्वतः औषध लिहून द्यायची परवानगी मिळाली. पेपरात मोठी बातमी झाली, क्रांती वगैरे. मी ती शेठना फोनवर सांगितली. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे इतके दिवस तिकडे लोक ताप आला की काय करत होते?"

होतं सगळं शेवटी. प्रांताची कायद्याची परीक्षा होते, प्रत्यक्ष कामाची तपासणी होते, डॉलरला साठने गुणायची खोडही सुटते. एक दिवस लायसन्स येतं आणि त्यावर नाव बरोबर असतं, आईचं नाव आईच्या जागी. तुम्ही फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकता. शंभर अभिनंदनं येतात, दोन मेहुण्यांचे मुलाच्या ॲडमिशनचे प्रश्न येतात आणि रात्री शेठचा फोन येतो.

"वा वा, नाव काढलंत तालुक्याचं. एक करा. त्याची एक मोठी कलर प्रिंट काढून पाठवा. जुन्या फ्रेमच्या शेजारी खिळा ठोकूनच ठेवलाय."