बिजागरी कुणाची?

लिस्बनला आलो त्या पहिल्या हिवाळ्यात भाड्याच्या खोलीतल्या कपाटाचं दार निखळलं. खालच्या गल्लीत हार्डवेअरचं दुकान होतं. माझं पोर्तुगीज तेव्हा जेमतेम. गोव्यात फोंड्याला घरी ऐकलेला शब्द थोडा वाकवला आणि 'बिझाग्रा' द्या म्हटलं. म्हातारे दुकानदार क्षणभर थबकले, मग डबा पुढे करत म्हणाले, आता लोक 'दोब्रादिसा' म्हणतात, तुम्ही म्हणालात तो फार जुना शब्द. त्यांच्याकडे मागे पडलेला शब्द आपल्या सुतारांच्या तोंडी बिजागरी होऊन अजून रोजच्या वापरात आहे. चावी, मिस्त्री, पगार, लिलाव हे शब्दही तिकडूनच आले.

हे आता आठवायचं कारण म्हणजे आमच्या गावाजवळचा पोर्तुगीज काळातला लाकडाचा कारखाना. ती जागा विकायचं घाटतंय आणि गावात दोन तट पडलेत. एक म्हणतो, परकीय राजवटीची खूण आहे, पाडा. काही वर्षांपूर्वी पोर्तुगीज खुणा पुसून टाकण्याची भाषा राज्यकर्त्यांनी केली, तेव्हापासून या गटाला जोर आलाय. दुसरा गट म्हणतो, पाडू नका, वारसा म्हणून रंगरंगोटी करा, आत कॅफे काढा, पर्यटक येतील. दोन्ही बाजूंना माझ्या शाळेतले मित्र आहेत. मला दोघांचंही पटत नाही.

माझे आजोबा त्या कारखान्यात कामाला होते. मी पाहिला तेव्हा तो बंद पडत आला होता, तरी आतली मांडणी शाबूत होती. एका कोपऱ्यात तेलावर चालणारं इंजिन, वर आढ्याला लागून लांबच लांब लोखंडी दांडा, त्यावरून खाली उतरलेले चामडी पट्टे. एका इंजिनावर पट्टा करवत, रंधा मशीन आणि कातकामाचा लेथ अशी तिन्ही यंत्रं फिरत. एका बाजूला ओंडके यायचे, दुसऱ्या बाजूनं तुळया, वासे, रिपा, दारं-खिडक्यांच्या चौकटी बाहेर पडायच्या. मंगळुरी कौलांचं छप्पर घालायचं तर रिपांचं अंतर कौलाच्या मापाला बरोबर बसावं लागतं, नाहीतर पहिल्याच पावसात घर गळतं. शाळा, कचेऱ्या, भाटकारांची म्हणजे जमीनदारांची घरं, देवळांचे सभामंडप, सगळीकडचं काम इथे व्हायचं. आजोबा लाकूड बोटाच्या पेरानं ठोकून सांगायचे, हा सागवान, हा किंदळ, हे शिसव. फणसाच्या लाकडाचा पिवळेपणा वर्षागणिक कसा गडद होतो, ते त्यांनी मला घरच्या पेटाऱ्यावर दाखवलं होतं.

आमच्या घरी त्या कारखान्यातली एक वेताची खुर्ची आहे. कुठल्याशा सरकारी कचेरीसाठी केलेल्या मालातली, पाय जरा कमी भरला म्हणून परत आलेली. ती उलटी केली की बैठकीच्या आतल्या बाजूला शिसपेन्सिलीनं लिहिलेली मापं दिसतात. आकडे देवनागरी आहेत. वर पोर्तुगीज अंमलदार बसणार होता, हिशेब मात्र आमच्या माणसानं आमच्या आकड्यांत मांडला होता. त्या अंमलाबद्दल माझ्या मनात हळहळ नाही. 1961 साली तो संपला हे चांगलंच झालं. पण ही खुर्ची कुणाची खूण म्हणायची?

इथे लिस्बनला नदीपलीकडे अल्मादाला 'दोम फेर्नांदु सेगुंदु ई ग्लोरिया' हे जुनं लाकडी लढाऊ जहाज लोकांना पाहायला ठेवलंय. 1843 साली ते दमणच्या गोदीत पाण्यात उतरलं, लाकूड नगर हवेलीच्या जंगलातला साग. 1845 मध्ये ते गोव्याहून लिस्बनला आलं. 1963 मध्ये जळालं, पुढे नव्यानं बांधून काढलं. पोर्तुगीज लोक मुलांना घेऊन अभिमानानं ते बघायला येतात. त्यांना कुणी म्हणत नाही की हे परक्यांच्या हातचं आहे, पाडा. मीही दोनदा गेलो. राजाचं नाव, राणीचं नाव जहाजावरच आहे. तासणाऱ्या दमणच्या सुतारांचं नाव मला कुठे दिसलं नाही. तीच गत इथल्या प्राचीन कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या खणांच्या पेटाऱ्यांची. पायांच्या जागी नागकन्या कोरल्यात, पाटीवर 'इंडो-पोर्तुगीज' एवढंच. 1567 च्या गोव्याच्या धर्मपरिषदेनं ख्रिस्ती मूर्तींचं काम हिंदू कारागिरांना देऊ नका असं फर्मावलं होतं. फर्मावावं लागलं, म्हणजे काम सर्रास त्यांच्याकडेच जात होतं. आता कारखाना पाडला तर आपल्या माणसांच्या हातचा उरलेला पुरावा आपणच पुसू.

मग कॅफे का नको? कारण तेही मी इथे पाहतो. आल्कांतारा भागात एकोणिसाव्या शतकातल्या कापडगिरणीच्या आवारात आता दुकानं आणि खानावळी आहेत. जागा सुरेख आहे, रविवारी पाय ठेवायला जागा नसते. पण तिथे सूत कुणी काढत नाही. त्याच शहरात पोर्तास दो सोलला 1953 साली सुरू झालेलं एक प्रतिष्ठान आहे, रिकार्दो दो एस्पिरितो सांतो सिल्वा यांच्या नावाचं. पुढे सजावटी कलांचं संग्रहालय आणि त्याच्या जोडीला चालत्या कार्यशाळा. सुतारकाम, कोरीवकाम, मुलामा, पुस्तकबांधणी. माणसं तिथे शिकतात आणि जुन्या वस्तू दुरुस्त करतात. पैशाची ओढाताण त्यांनाही चुकलेली नाही, तरी हात चालू आहेत. मला आमच्या कारखान्यात हे हवंय.

एक आक्षेप मात्र खरा आहे. लाकूड आणणार कुठून? मोल्याच्या अभयारण्यात रेल्वेच्या दुपदरीकरणासाठी झाडं तोडण्याविरुद्ध गोव्यातली पोरं रात्री रुळांवर बसली, आणि मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या कामाची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. ज्या राज्याचा राज्यवृक्ष माटी, म्हणजे ऐनाचं झाड, आहे तिथे नवे ओंडके कापायचा कारखाना मीही मागणार नाही. पण जुनी घरं रोज उतरतायत. शंभर वर्षं मुरलेल्या सागाच्या तुळया, शिंपल्यांच्या खिडक्यांच्या चौकटी टेम्पोत भरून भंगारात जातात, आणि त्याच घरात प्लायवूडची दारं लागतात, ती दोन पावसाळ्यांत फुगतात. हे लाकूड घेऊन सांधायला, बसवायला शिकवा. एक झाडही पडणार नाही.

जागेचा सौदा होण्याआधी पंचायतीनं दोन याद्या कराव्यात, आत काय यंत्रं उरलीत त्यांची, आणि तिथे काम केलेले किती जण हयात आहेत त्यांची. मला तिघे माहीत आहेत. त्यातल्या सगळ्यांत वयस्कर मेस्तांशी, म्हणजे सुतारांशी, परवा फोनवर बोललो. पाडापाडीचं त्यांनी ऐकून घेतलं, काही बोलले नाहीत. मग विचारलं, "पट्टा करवतीचं पातं कुणी काढून नेलं का रे?" नाही, चुलतभाऊ बघून आला, अजून आहे, म्हटलं. "मग त्याला तेल लावून ठेवायला सांग. पावसात गंजेल."